‘मेक’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी भाषेच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्या मुलास जी पहिली दहापंधरा क्रियापदे शिकविण्यात येतात, त्यांत ‘मेक’ हे एक असते. उच्चारास सोपे, लिहिण्यास सोपे व पदोपदी उपयोगी पडणारे हे क्रियापद आहे. ‘मेक म्हणजे बनविणे’ असे मूल एकदा पाठ करते, आणि शालान्त परीक्षेपर्यंत तेवढ्याच शिदोरीवर वाटचाल करते. आम्ही गेली वीस वर्षे इंग्रजीचे अध्यापन करीत आहोत. या काळात उत्तरपत्रिका तपासताना या एका क्रियापदाखाली आम्ही जितक्या लाल रेघा ओढल्या, तितक्या दुसऱ्या कोणत्याही शब्दाखाली क्वचितच ओढल्या असतील. त्यांपैकी एक रेघ मात्र आम्ही चुकून ओढली होती. त्या रेघेची हकीकत सांगावी, आणि तिच्या अनुषंगाने या क्रियापदाचे थोडेसे विवेचन करावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही सांगलीस शिकवीत असता आमच्या आठवीच्या वर्गात मिरजेहून येणारा एक मुलगा होता. त्याच्या घरी सतारी व तंबोरे करण्याचा पिढीजात धंदा. सहामाही परीक्षेत आम्ही ‘माय फादर मेक्स’ या शब्दांनी आरंभ होणारे एक वाक्य पूर्ण करावयास व त्याचे मराठीत भाषांतर करावयास सांगितले होते. या मुलाने इंग्रजी वाक्य बिनचूक लिहिले. भाषांतर मात्र असे केले: ‘माझे वडील भोपळा कापतात, दांडी तासतात, तबली बसवितात, जवारी लावतात, मग तंबोरा लागतो.’ मुळात एक क्रियापद आणि भाषांतरात पाच! आम्ही खाली लाल रेघ ओढली, समासात ‘मुळास सोडून’ असा शेरा लिहिला आणि भाषांतराचे गुण दिले नाहीत.

मुलगा उत्तरपत्रिका घेऊन आमच्याकडे आला व हळूच म्हणाला, “सर, तंबोरा बनवितात असे आमच्या घरी कोणी म्हणत नाही.” आम्ही उत्तर दिले, “घरी म्हणत नसतील. परीक्षेत म्हणावे लागते.” तो काही न बोलता परत गेला.

वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न आम्ही पुन्हा घातला. या खेपेस त्याने लिहिले, ‘माय फादर मेक्स चेअर्स. माझे वडील खुर्च्या बनवितात.’ दोन्ही वाक्ये शुद्ध होती. आम्ही पूर्ण गुण दिले आणि पुढील उत्तरपत्रिका हाती घेतली. काही वेळाने आमच्या ध्यानात आले की, या मुलाचे वडील खुर्च्या करीत नाहीत. आमच्या भाषांतरास सोयीचे पडावे म्हणून त्या मुलाने आपल्या बापाचा धंदा बदलला होता.

त्या रात्री आम्हांस फारशी झोप आली नाही. आपण मुलांस इंग्रजी शिकवितो की त्यांची मराठी काढून घेतो, असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. तेव्हापासून या क्रियापदाकडे आम्ही नव्या दृष्टीने पाहू लागलो.

‘मेक’ हा शब्द इंग्रजीत फार जुना आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘माकिअन’ असे होते, व जर्मन भाषेतील ‘माखेन’ हे त्याचे भावंड होय. जे पूर्वी नव्हते ते अस्तित्वात आणणे, अथवा जे होते त्यास निराळी अवस्था आणणे, हा त्याचा मूळ अर्थ. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, ‘मेक’ हे क्रियापद काय झाले एवढेच सांगते; हाताने काय केले ते सांगत नाही. मराठी माणूस याच्या उलट चालतो. तो हाताची क्रिया आधी सांगतो, आणि वस्तू झाली हे त्यातूनच कळते.

आपल्या स्वयंपाकघरात पाहा. इंग्रज मनुष्य भाकरी, लाडू, पापड, दही व लोणचे या सर्वांस ‘मेक’ हे एकच क्रियापद लावू शकेल. आपली आई भाकरी थापते, लाडू वळते, पापड लाटते, दही विरजते आणि लोणचे घालते. साताऱ्याचा कंदी पेढा घ्या. दूध आटवून खवा होतो, खवा परततात आणि मग पेढे वळतात. घराबाहेर पडलो तरी हाच प्रकार. घर बांधतात, दागिना घडवितात, घोंगडी विणतात, अंगरखा शिवतात, दोरी वळतात, चित्र काढतात. यांपैकी प्रत्येक क्रियापदात बोटांची एक विशिष्ट हालचाल साठविलेली आहे. ‘पापड वळतात’ असे कोणी म्हटले तर लहान मूलही हसेल.

यावरून इंग्रजी भाषा दरिद्री आहे असा ग्रह मात्र करून घेऊ नये. तिच्याजवळही विणणे, शिवणे, ओतणे, कोरणे यांस स्वतंत्र क्रियापदे आहेत, व चांगले लेखक ती वापरतात. दारिद्र्य आहे ते आपल्या पाठ केलेल्या शब्दसंग्रहाचे.

आता ‘बनविणे’ या शब्दाविषयी. हा शब्द मराठीत आहे, आणि योग्य जागी तो शोभतोही. अलीकडे हिंदीतील ‘बनाना’च्या संगतीने तो सर्वत्र संचार करू लागला आहे, आणि भाजी, चहा, घर, मित्र, सर्व काही ‘बनविण्यात’ येते. परंतु मराठीत बनविणे याचा आणखी एक अर्थ फसविणे असा आहे, हे विसरून चालणार नाही. एका विद्यार्थ्याने निरोपसमारंभासाठी इंग्रजी भाषण लिहिले व त्याचे मराठीही केले. ‘माझ्या शिक्षकांनी मला घडविले’ असे म्हणण्याच्या हेतूने तो भर सभेत बोलला, “माझ्या शिक्षकांनी मला बनविले!” सभेत हशा पिकला, आम्ही शिक्षकही त्यात सामील झालो, दुसरे काय करणार? त्याचप्रमाणे ‘मेक मनी’ याचे भाषांतर ‘पैसा मिळविणे’ असे करावे. ‘पैसा बनविला’ असे म्हणताच कमाईच्या सरळपणाविषयी ऐकणाऱ्यास शंका येते. ‘बनावट’ हे नाम पाहिले तर मौज अधिकच. ‘देशी बनावटीचे यंत्र’ म्हणजे देशात तयार झालेले यंत्र. ‘बनावट नोट’ म्हणजे खोटी नोट. एका प्रत्ययाच्या अंतराने प्रामाणिक कारागीर आणि ठक शेजारी शेजारी बसले आहेत.

विद्यार्थ्यांच्या विशेष उपयोगाचे चार मुद्दे आता क्रमाने सांगतो.

पहिला मुद्दा ‘मेक’ व ‘डू’ यांतील भेदाचा. मराठीत दोहोंसाठी ‘करणे’ चालते, म्हणून आपली मुले ‘मेक होमवर्क’ असे लिहितात. साधारण नियम असा की, जेथे क्रिया किंवा कर्तव्य पार पाडणे एवढाच अर्थ असतो तेथे ‘डू’ येते. जेथे क्रियेनंतर काही नवे फळ मागे राहते तेथे ‘मेक’ येते. म्हणून अभ्यासास, कामास व कर्तव्यास ‘डू’. चूक, गोंगाट, वचन व योजना यांस ‘मेक’. चूक करून झाल्यावरही ती मागे राहते, हे प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. या नियमास अपवाद पुष्कळ आहेत, व ते वाचनानेच अंगवळणी पडतात.

दुसरा मुद्दा ‘मेड ऑफ’ व ‘मेड फ्रॉम’ यांचा. मूळ पदार्थ तयार वस्तूत ओळखू येत असेल तर ‘ऑफ’, त्याचे रूप पालटले असेल तर ‘फ्रॉम’, असा सामान्य नियम आहे. येथे आपली मराठी आपल्या साहाय्यास धावते. आपण ‘लाकडाची पेटी’ म्हणतो, परंतु ‘उसाच्या रसापासून गूळ’ म्हणतो. सांगलीच्या बाजारात गुळाची ढेप पाहून तीत रस कोणास दिसत नाही. पेटीत मात्र लाकूड दिसते. षष्ठीचा ‘चा, ची, चे’ आला तर ‘ऑफ’, ‘पासून’ आले तर ‘फ्रॉम’, एवढे ध्यानात ठेवल्यास बहुतेक ठिकाणी चूक होणार नाही.

तिसरा मुद्दा प्रयोजक क्रियापदाचा. ‘द स्टोरी मेड हर क्राय’ या वाक्यातील ‘मेड’साठी मराठीत निराळा शब्द शोधीत बसण्याचे कारण नाही. ‘त्या गोष्टीने तिला रडविले’ असे म्हणावे. रडणे–रडविणे, हसणे–हसविणे, थांबणे–थांबविणे या जोड्यांत इंग्रजी ‘मेक’ आपल्या क्रियापदाच्या पोटातच बसलेले आहे. मात्र इंग्रजी लिहिताना एक सावधगिरी बाळगावी. कर्तरी प्रयोगात ‘मेक’नंतर ‘टू’ येत नाही: ‘ही मेड मी वेट’. कर्मणी प्रयोगात ते परत येते: ‘आय वॉज मेड टू वेट’. पहिल्या वाक्यात ‘टू’ घालणे व दुसऱ्यात ते गाळणे, या दोन्ही चुका आमच्या नित्य पाहण्यातल्या आहेत.

चौथा मुद्दा रूढ वाक्प्रचारांचा. ‘मेक द बेड’ म्हणजे खाट तयार करणे नव्हे; अंथरूण नीट घालणे होय. ‘टू अँड टू मेक फोर’ याचे मराठी ‘दोन आणि दोन चार होतात’. ‘शी विल मेक अ गुड नर्स’ या वाक्याचा अर्थ ती एखादी परिचारिका तयार करील असा नसून, ती स्वतः चांगली परिचारिका होईल असा आहे. ‘मेक बोथ एंड्स मीट’ म्हणजे जमाखर्चाची तोंडमिळवणी करणे. आमच्या वाचकांतील पालकांस याचा अर्थ अधिक फोड करून सांगावयास नको.

आता ‘मेक’चे एक प्रतिष्ठित नातलग, ‘क्रिएट’, यांच्याकडे वळू. हा शब्द लॅटिन भाषेतून आला. जुन्या कराराच्या पहिल्याच अध्यायात मूळ हिब्रू भाषेत ‘बारा’ व ‘आसा’ अशी दोन क्रियापदे आलेली आहेत. उत्पन्न करणे या अर्थी ‘बारा’चा कर्ता तेथे नेहमी देवच असतो; ‘आसा’ हे मनुष्याच्या कामासही लागते. इंग्रजी भाषांतरकारांनी हा भेद ‘क्रिएट’ व ‘मेक’ या शब्दांनी राखला, आणि मराठीत तो ‘उत्पन्न करणे’ व ‘करणे’ अशा शब्दांनी दर्शविला गेला. आज ‘क्रिएट’ हा शब्द फारच स्वस्त झाला आहे. भ्रमणध्वनीवर कोणीही खाते ‘क्रिएट’ करतो. आपण बँकेत खाते उघडतो, तसे येथेही उघडावे. त्यास सृष्टीच्या उत्पत्तीचा शब्द कशाला? ‘निर्माण’ हा आपला शब्दही विचार करण्याजोगा आहे. त्याच्या मुळाशी ‘मा’ म्हणजे मोजणे हा संस्कृत धातू आहे. निर्माण करणारा तो मोजून मापून करणारा, ही कल्पना किती सुंदर आहे!

आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासातील तीन उदाहरणे घेऊन हा शब्दविचार पडताळून पाहू. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले. इंग्रजीत ‘मेड अ प्ले’ म्हणून कोणी मोकळा होईल. मराठीत सांगावयाचे तर भाव्यांनी पदे रचली, नटांकडून नाटक बसविले आणि राजांपुढे त्याचा प्रयोग केला. रचणे कवीचे, बसविणे सूत्रधाराचे, करणे सर्व मंडळींचे. तीन क्रियापदांत तीन प्रकारचे श्रम वेगळे दिसतात.

दुसरे उदाहरण नांगराचे. गावचा सुतार लाकडी नांगर तासून घडवीत असे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कुंडलजवळील माळावर किर्लोस्करवाडी वसविली, आणि तेथील कारखान्यातून लोखंडी नांगर बाहेर पडू लागले. तेथे बीड वितळवून साच्यात ओततात. घडीव आणि ओतीव हे दोन शब्द उच्चारले की, सुताराची तासणी आणि कारखान्याची भट्टी ही दोन्ही डोळ्यांपुढे उभी राहतात. ‘नांगर बनविला’ या शब्दांनी यांतले काहीच दिसत नाही.

तिसरे उदाहरण याच नांगराशी संबद्ध आहे. किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी फिरून विकण्याचे काम काही काळ भाऊराव पाटील यांनी केले होते. पुढे त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. वसतिगृह ‘काढले’, शाळा ‘उघडल्या’, आणि त्यांत येणाऱ्या गोरगरिबांच्या मुलांना ‘घडविले’. लोखंड ओतता येते, मुलगा ओतता येत नाही. सर्व मुले एका साच्यातून काढावयाची नसतात, हे ‘घडविणे’ हा शब्द आपणांस बजावून सांगतो. आम्हां शिक्षकांस तो रोज आठवावा लागतो, आणि एकदा आम्हांस तो आठवला नाही, हे वर सांगितलेच आहे.

त्या मुलाकडे आता परत येऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मिरजेस त्याच्या घरी गेलो. मिरजेचा हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. फरीदसाहेब हे त्याचे आद्य कारागीर मानले जातात. हे लोक मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी व भाले यांस धार लावणारे. शस्त्रांचे दिवस संपत चालले तेव्हा त्यांनी आपले हात वाद्यांकडे वळविले. येथील तंबोरे देशभरच्या गवयांच्या मांडीवर विसावले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही लाभले.

दुकानांच्या पाट्या वाचताना आम्ही थबकलो. पाटीमागून पाटीवर एकच शब्द होता: ‘सतारमेकर’. तो केवळ धंद्याचा निर्देश नव्हे. कित्येक घराण्यांचे ते आडनाव आहे. आम्ही वर्गात ज्या शब्दाचा अर्थ वीस वर्षे सांगत होतो, तो येथे नाव होऊन बसला होता. आणि यात नवल तरी काय? कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार. या सर्व नावांच्या शेवटी जो ‘आर’ उरला आहे, तो संस्कृत ‘कार’, म्हणजे करणारा. (सुतार मात्र ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला आहे, त्यास हा नियम लावू नये.) सतारमेकर हा शब्द त्याच जुन्या पंक्तीत येऊन बसलेला नवा पाहुणा होय.

मुलाच्या वडिलांनी आम्हांस मोठ्या अगत्याने बसवून घेतले. आम्ही संकोचाने उत्तरपत्रिकेची हकीकत सांगितली व विचारले, “आपण तंबोरा करता, त्यास नेमके काय म्हणता?”

ते हसून म्हणाले, “सर, भोपळा वेलावर येतो. तो पंढरपूरकडचा शेतकरी पिकवितो. लाकूड झाडाचे, तार बाजारातली. त्यात आम्ही काय बनवितो? आम्ही कापतो, तासतो, जोडतो. सगळे जोडून झाले तरी तो तंबोरा नव्हे. जवारी लागली म्हणजे तंबोरा.”

त्यांनी एक वाद्य पुढे ओढले. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा ते कानसेने अगदी हलक्या हाताने घासू लागले. चार हात मारावेत, तार छेडावी, ऐकावे, पुन्हा घासावे. घोडीचा माथा असा किंचित उतरता झाला पाहिजे की, कंप पावणारी तार त्यावर निसटती टेकावी. तारेखाली सुताचा एक बारीक धागा घालून तो पुढेमागे सरकविला, की तो भरीव गुंजारव उमटतो, ज्यास जवारी म्हणतात. बराच वेळ नुसता लाकडी आवाज येत होता. मग एकाएकी ती खोली नादाने भरून गेली. मुलगा दाराशी उभा होता. तो आमच्याकडे न पाहता म्हणाला, “आता लागला.”

त्या क्षणी त्याच्या भाषांतरातील पाचवे क्रियापद आम्हांस समजले. पहिल्या चार क्रियापदांचा कर्ता बाप होता. पाचव्याचा कर्ता तंबोरा होता. माणसाने आपले सर्व कसब ओतावे, आणि शेवटी वस्तूने आपण होऊन ‘लागावे’, ही गोष्ट त्या मुलाने एका वाक्यात मांडली होती, आणि आम्ही तिच्याखाली लाल रेघ ओढली होती.

शाळा उघडल्यावर आम्ही त्यास वर्गापुढे बोलाविले, ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि आपली चूक सर्वांसमक्ष कबूल केली. गुणपत्रके केव्हाच वाटली गेली होती. ते दोन गुण काही परत देता आले नाहीत. परंतु नंतरच्या परीक्षेत त्याने खुर्च्या लिहिल्या नाहीत, एवढे समाधान आम्हांस मिळाले.

विद्यार्थिमित्रहो, ‘मेक’ हा शब्द पुढे आला म्हणजे लगेच ‘बनविणे’ लिहू नका. क्षणभर थांबा आणि मनास विचारा: वस्तू कोणती, ती कशाची, आणि हाताने नेमके काय केले? उत्तर शब्दकोशात सापडले नाही, तर आईस विचारा, आजोबांस विचारा, गल्लीतील लोहारास विचारा. १८४७ साली मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश प्रसिद्ध झाला; त्या जाड ग्रंथातील शब्दही अखेर अशाच लोकांच्या तोंडचे होते.

आणि पालकांस आमची नम्र विनंती आहे. आपण शेत करीत असाल, कापड शिवीत असाल, गुऱ्हाळ लावीत असाल अथवा भट्टीवर लोखंड तापवीत असाल. आपल्या कामाची क्रियापदे घरी मुलांच्या कानांवर पडू द्या. ती आम्हांस शिकविता येत नाहीत. मूल ती घेऊन वर्गात आले, तर त्यांवर रेघ न ओढण्याची खबरदारी आम्ही घेऊ.